गौहरबाईंचे पान

माझी रोह्याची आजी बालगंधर्वांची तबकडी लावी, आणि गाणे संपले की सुस्कारा टाकून म्हणे, "त्या बाईने सोन्यासारखा माणूस मातीत घातला!" ती बाई म्हणजे गौहर कर्नाटकी. यंदा सुट्टीत पेणला वाचनालयातून बालगंधर्वांची दोन-तीन चरित्रे आणून ओळीने वाचली, तेव्हा आजीचे वाक्य कोठून आले ते उमगले. एका पुस्तकात गौहरबाईंच्या पानावर, समासात, कोणा वाचकाने पेन्सिलीने लिहिले आहे, ‘अवदसा’. चरित्रकाराने हा शब्द वापरलेला नाही. पण वाचकाच्या हाती पेन्सिल त्यानेच दिली.

जरा सनावळी पाहावी. गंधर्व नाटक मंडळी निघाली १९१३ साली. खरे गालिचे, उंची अत्तरे, भरजरी शालू यांपायी १९२१ च्या सुमारास ती लाखावर कर्जात होती. १९३२ साली मराठी बोलपट आला, नाटकगृहे ओस पडू लागली. १९३५ साली नारायणराव प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. गौहरबाई आल्या त्या यानंतर. घर आधी जळले आणि आगलावी मागून आली, असे हे विलक्षण कथानक!

दुसरे एक पान पाहा. १२ मार्च १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी तान्ही मुलगी गेली, तरी नारायणराव रंगभूमीवर उभे राहिले. येथे प्रत्येक लेखणी गहिवरते. खोटे कशाला बोलू, मीही गहिवरलो. पण मुलीची आई, लक्ष्मीबाई, त्या रात्री कोणाजवळ होत्या? मी वाचलेल्या पुस्तकांत हा प्रश्न कोणाला पडलेलाच नाही. एका बाईला ओळ नाही, दुसरीच्या माथी सगळे पाप. असला हिशेब माझ्या वर्गातल्या पोराने मांडला असता तर शून्य दिले असते.

गौहरबाई देवी होत्या असे मला म्हणावयाचे नाही. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला दुःख आले, जुनी माणसे दुरावली, हे खरेच. पण पुढे पायांनी अधू झालेल्या नारायणरावांची शुश्रूषा त्यांनीच केली, आणि ती मात्र दोन वाक्यांत उरकलेली!

कन्नडमध्ये रहमत तरीकेरे यांनी गौहरबाईंची बहीण अमीरबाई हिचे चरित्र लिहिले आहे. विजापूरकडच्या बिळगी गावच्या या दोघी बहिणी. मराठीत पुढचे गंधर्वचरित्र जो कोणी लिहील, त्याने एक प्रकरण तरी बिळगीपासून सुरू करावे.