दुःखकथा आणि चित्रसंहिता

थॉमस गेन्सबरोने रंगवलेले 'द ऑनरेबल मिसेस ग्रॅहम' हे पूर्णाकृती व्यक्तिचित्र १७७७ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत प्रदर्शित झाले. मेरी ग्रॅहम १७९२ साली निवर्तली. शोकाकुल पतीला चित्राकडे पाहवेना. ते दृष्टीआड ठेवले गेले आणि १८५९ साली एडिंबरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयाला मिळाले. ही हकिकत ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तिच्या बाजूला वळलेल्या नजरेत मृत्यूची छाया दिसू लागते. वस्तुतः चित्र रंगवताना ती छाया तेथे असणे शक्य नव्हते. भव्य स्तंभ, हातातील शहामृगाचे पीस, रेशमी वस्त्राची झळाळी ही सारी चिन्हे कुलप्रतिष्ठेची आहेत. पाहणाऱ्याची दखल न घेणारी ती नजरही अभिजनवर्गाचा अधिकारच सूचित करते. नंतरच्या दुःखकथेने चित्रसंहितेतील हा सत्तेचा उच्चार झाकला गेला आहे, कारण करुणेने व्याकूळ झालेला प्रेक्षक स्वतःचे दुय्यम स्थान विसरतो. मात्र ही कथा वगळून चित्राचे 'शुद्ध' वाचन करता येईल, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. आस्वादात करुणा आणि सत्ता यांचा ताण जागा ठेवणे, हे येथे समीक्षेचे कार्य आहे.