ध्वनिमुद्रिका आणि लोकनृत्याचा फेर

लोकनृत्याच्या मेळाव्यात ध्वनिमुद्रिका लावणारा हा केवळ यंत्रचालक होय, हे मत तपासून पाहणे अगत्याचे आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठात ‘सिर्तोस हानिओतिकोस’ या क्रीटच्या नृत्यास योग्य संगीत हाती नव्हते. म्हणून त्याची पावले ‘मिसिर्लू’च्या संथ चालीवर बसविण्यात आली. तेच पुढे ग्रीक लोकनृत्य म्हणून सर्वत्र रूढ झाले. म्हणजे येथे सुरावटीची निवड हीच नवनिर्मिती ठरली. परंतु वादक नर्तकांची पावले पाहून लय चढवितो, आवर्तने वाढवितो. मिनिटास ७८ फेरे घेणारी तबकडी मात्र सुमारे ३ मिनिटांत संपे आणि नृत्यही तेथेच थांबवी. सबब मुद्रिका निवडणाऱ्यास निर्मात्याचे श्रेय द्यावयाचे, तर फेरावर डोळा ठेवण्याची वादकाची जबाबदारीही त्याच्याकडेच येते.