रावी हरवलेली वार्ता

दिंडोशीच्या उंच इमारतींपासून धुळ्याच्या पाड्यांपर्यंत आज घरोघरीं वाचलें जाणारें वाङ्मय म्हणजे व्हॉट्सॲपवरील फिरता संदेश. त्याची भाषा सदोष असते हें खरें. पण त्याला कर्ता नसतो, हा दोष त्याहून मोठा.

ह्या दोषाची चिकित्सा इस्लामी परंपरेनें हजार वर्षांपूर्वींच केली आहे. हदीस, म्हणजे पैगंबरांचें वचन, कोणीं कोणाकडून ऐकलें ह्याची साखळी पंडितांनीं मागितली. तिला इस्नाद म्हणतात. साखळीही बनावट असूं शकते हें जाणून त्यांनीं प्रत्येक रावीच्या, म्हणजे सांगणाऱ्याच्या, चारित्र्याची व स्मरणशक्तीची पारख केली. इमाम मुस्लिम (मृत्यु इ. स. ८७५) ह्यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेंत तर ऐकलेलें सर्वच सांगत सुटणाऱ्यास असत्याचा दोषी मानलें आहे.

कुराणाच्या ४९ व्या सूरेंत वार्तेच्या शहानिशेचें कारणही दिलें आहे: अजाणतां कोणास इजा होऊन मागाहून पस्तावा होऊं नये. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारे आल्याच्या अफवेवरून, जमावानें नाथपंथी डवरी गोसावी समाजांतील पांच भिक्षेकऱ्यांना ठार मारलें. शहानिशेस तेथें कोणीं क्षणभरही अवसर दिला नाहीं.

त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें फिरत्या संदेशावर तशी खूण आणली व भारतांत तो एका वेळीं पांचच ठिकाणीं धाडण्याची मर्यादा जाहीर केली. खुणेवरून संदेश फिरता आहे एवढें कळतें. रावी कोण, तें कळत नाहीं. यंत्र संख्या मोजील. माणसाची पारख वाचकानेंच करावयाची. ‘हें मूळ कोणीं सांगितलें?’ ह्यास उत्तर नसेल, तर संदेश आपल्यापाशींच थांबवावा. एवढी सभ्यता कोणत्याही धर्माच्या गृहस्थास परकी वाटूं नये.