उंबरठ्यावरचा विराम

मानसशास्त्रातला प्रयोग आपण बहुधा निष्कर्षासाठी वाचतो. मेरी एन्सवर्थ यांची ‘स्ट्रेंज सिच्युएशन’ मात्र एखाद्या एकांकिकेसारखी, प्रवेशामागून प्रवेश वाचावी. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ती आकाराला आली. खेळणी मांडलेली अनोळखी खोली, वर्षभराचे मूल, त्याची आई आणि एक परकी बाई. एकतर्फी काचेमागे निरीक्षक. प्रवेश आठ, वेळ सुमारे वीस मिनिटे. एवढ्याशा सामग्रीत माणसाच्या पहिल्या नात्याचा पोत उलगडतो!

परक्या बाईचा प्रवेश पाहा. पहिले मिनिट ती गप्प बसते, दुसऱ्यात आईशी बोलते आणि तिसऱ्यात मुलाकडे वळते. मग आई हळूच निघून जाते. म्हणजे ताण एकदम कोसळत नाही, पायरीपायरीने चढतो. मूल फारच कळवळले, तर तो प्रवेश आवरता घ्यायचा, हेही ठरलेले. शास्त्राच्या काटेकोरपणात मुलाची एवढी कदर क्वचित आढळते.

वरवर पाहणाऱ्याला वाटेल, परीक्षा विरहाची आहे. किती रडले ते मोजायचे. पण एन्सवर्थ यांची नजर आईच्या परतण्यावर खिळलेली. परत येताना आईने आधी बाहेरून हाक द्यायची, दार उघडायचे आणि उंबरठ्यावर क्षणभर थांबायचे. पहिली हालचाल मुलाची असावी, यासाठी राखलेला हा विराम. काही मुले आईकडे झेपावतात, कुशीत निवतात आणि पुन्हा खेळात रमतात. काही तिला बिलगतात, पण राग धरून खेळणे भिरकावतात. त्यांची समजूत पटत नाही. काही तिच्याकडे पाहतही नाहीत. त्या थोड्या क्षणांत वर्षभराचा सहवास बोलतो, आणि तो बोलावा म्हणून सगळी रचना अदबीने बाजूला सरते.

यातले सर्वांत सूक्ष्म वाचन या न पाहणाऱ्या मुलांचे. ती स्वावलंबी, शांत वाटतात. एन्सवर्थ यांनी त्या शांततेत बचाव ओळखला. पुढे संशोधकांनी हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा आत खळबळ होतीच! यंत्राच्या आधी नजरेने ती टिपली, यातच त्यांचे कसब दिसते.

ही नजर प्रयोगशाळेत घडली नव्हती. १९५४-५५मध्ये युगांडात २६ कुटुंबांत जाऊन त्यांनी आया आणि बाळे पाहिली होती. बाल्टिमोरमध्येही वर्षभर घरोघरी तासन्‌तास निरीक्षणे झाली. खोलीतली वीस मिनिटे त्या घरच्या नोंदींशी ताडून पाहिली म्हणून अर्थवाही ठरली.

रचना इतकी स्वच्छ, की तिच्या चौकटीत न बसणारी मुलेही तिच्यातच दिसली. आईकडे निघून मध्येच थिजणारी, तोंड फिरवून तिच्याकडे सरकणारी. मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन या संशोधकांनी वरच्या तिन्ही प्रकारांपलीकडे त्यांचा चौथा गट मांडला. जिच्याकडे धावायचे तिचीच भीती वाटत असेल, तर पाऊल कुठे टाकावे? मानसिक आघाताच्या अभ्यासाला हा प्रश्न असा डोळ्यांनी पाहता आला, याचे श्रेय आपल्या पहिल्या उत्तरांपलीकडचेही दाखवणाऱ्या या प्रयोगाला आहे.