फुप्फुसावरणाचा क्षयरोग : एकदिवसाआड व दैनिक औषधयोजनांची तुलनात्मक समीक्षा

प्रस्तावना :
ग्रामीण भागात ‘छातीत पाणी झाले’ असे ज्या आजाराविषयी म्हटले जाते, त्याच्या मुळाशी अनेकदा फुप्फुसावरणाचा क्षयरोग असतो. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालये असली, तरी निदानानंतरचे सहा महिने रुग्ण बहुधा आपल्या गावीच काढतो. म्हणून औषध कोणते, याइतकाच ते किती अंतराने घ्यावे, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

दोन योजना :
१९९७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाने आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धती स्वीकारली. नव्या रुग्णाला सहा महिन्यांत ७८ मात्रा मिळत. प्रारंभीची प्रत्येक मात्रा देखरेखीखाली देणे त्यामुळे शक्य झाले. २०१७ मध्ये देशभर दैनिक योजना लागू झाली आणि मात्रा १६८ झाल्या. सुमारे ४५ किलो वजनाच्या प्रौढाचे उदाहरण घेऊ. त्याला आठवड्याला मिळणारे आयसोनियाझिड १८०० वरून १५७५ मिलिग्रॅमवर आले. रिफाम्पिसिन मात्र १३५० वरून ३१५० मिलिग्रॅमवर गेले. अर्थात, हा बदल केवळ वेळापत्रकाचा नव्हता.

चिकित्सा :
या बदलामागील पुरावा सबळ आहे. एचआयव्हीबाधित फुप्फुसक्षयाच्या रुग्णांवरील चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या चाचणीत (२०१८) दैनिक योजनेला ९१ टक्के, तर आठवड्यातून तीनदा दिलेल्या योजनेला ७७ टक्के यश मिळाले. परंतु हा निष्कर्ष फुप्फुसाच्या क्षयाचा आहे. फुप्फुसावरणाच्या क्षयात जंतू अल्प असतात व थुंकीत ते बहुधा सापडत नाहीत. त्यामुळे उपचाराचे यश पाणी ओसरण्यावरून मोजण्याचा मोह होतो. हा निकष फसवा आहे. रोपर व वेअरिंग यांच्या १९५५ च्या अभ्यासातील १४१ अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे ६५ टक्के जणांना पुढे सक्रिय क्षय झाला. त्यांच्या छातीतील पाणी मात्र औषधाविनाच ओसरले होते.

दुसरा मुद्दा देखरेखीचा आहे. तीनदा देण्याच्या योजनेत एक मात्रा चुकली की अंतर चार-पाच दिवसांचे होते. दैनिक योजनेत तेच दोन दिवसांचे राहते. मात्र रोज औषध घेण्याचा भार प्रामुख्याने रुग्णावर येतो. कापूस वेचणीच्या हंगामात पहाटे शेतावर निघणाऱ्या मजूर स्त्रीला, ताप उतरून धाप थांबल्यावर, ‘आता बरे वाटते’ हेच औषध सोडण्याचे कारण वाटू शकते.

समारोप :
दैनिक योजना स्वीकारार्ह आहे. परंतु फुप्फुसावरणाच्या क्षयाबाबत तिची श्रेष्ठता बव्हंशी अनुमानावर उभी आहे. ती तपासण्याचा निकष ‘उपचार पूर्ण’ हा शेरा नसून, उपचारानंतरच्या दोन वर्षांत रोग उलटला की नाही, हा असावा. या पाठपुराव्याची तरतूद मार्गदर्शक सूचनांत आहे. तो गावपातळीवर प्रत्यक्ष झाल्याखेरीज या दोन योजनांची तुलना अपुरीच राहील.