‘काइरो’: यंत्र बिघडत नाही तेव्हाची भीती

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं होतं, ‘सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला भुताचे सिनेमे कशाला हवेत?’ आज उत्तर देतो, पण एकाच सिनेमाच्या आधारानं. कियोशी कुरोसावा यांचा ‘काइरो’, २००१ सालचा जपानी चित्रपट. (अकिरा कुरोसावांचे हे कुणी नव्हेत, आडनाव तेवढं एक.)

त्याआधी १९९८ मध्ये हिदेओ नाकाता यांचा ‘रिंगू’ आला होता. तिथं शाप एका व्हिडिओ कॅसेटमध्ये आहे. ती पाहिली की सात दिवसांत मरण; प्रत काढून दुसऱ्याला दाखवली की सुटका. भयंकर आहे, पण त्यात हिशेब आहे. नियम कळला की माणूस धडपड करू शकतो. ‘काइरो’त मुदतही नाही आणि उताराही नाही.

कावाशिमा नावाचा विद्यार्थी घरी पहिल्यांदाच इंटरनेट घेतो. त्याला संगणकातलं काही कळत नाही. मोडेमचा तो कर्कश आवाज तुमच्यातल्या वयस्कांना आठवत असेल. जोडणी होते आणि पडद्यावर काय दिसतं? अंधाऱ्या खोल्यांत एकेकटी बसलेली माणसं. बस्स. तो घाबरून संगणक बंद करतो, तर रात्री तो आपोआप सुरू होतो.

हायडेगरनं १९२७ च्या ग्रंथात हातोड्याबद्दल लिहिलंय. हातोडा नीट चालतो तोवर आपलं लक्ष कामाकडे असतं. मोडला की तो हातोडा म्हणून डोळ्यांत येतो. यंत्रांचे बहुतेक भयपट याच जागेवर उभे असतात: काहीतरी बिघडतं, आणि आपण दचकतो. माझं म्हणणं असं, की ‘काइरो’त काहीच बिघडलेलं नाही. यंत्रानं ‘जोडून देतो’ म्हटलं होतं, त्यानं जोडून दिलं. पलीकडे जे होतं ते इकडे दिसलं, इतकंच. विद्यापीठातल्या संगणकावर एक प्रोग्रॅम दाखवलाय, पडद्यावर तरंगणारे ठिपके. दोन ठिपके फार जवळ आले तर मरतात, फार दूर गेले तर पुन्हा एकमेकांकडे ओढले जातात. अख्खा सिनेमा त्यात आहे, बघा.

मृतांच्या जगात जागा उरली नाही म्हणून ते इकडे सांडताहेत, हे जे स्पष्टीकरण मध्येच येतं, ते मला अनावश्यक वाटतं. शेवटी पेटलेलं विमान कोसळतं, तेही. खरी ताकद छोट्या गोष्टींत आहे: दाराच्या फटींवर चिकटवलेली लाल पट्टी, माणूस होता तिथं भिंतीवर उरलेला काळा डाग, चालता चालता गुडघ्यात मोडल्यासारखी होऊन पुन्हा सावरणारी ती बाई.

आता भविष्याचं. कावाशिमाला निदान जोडणी करावी लागली होती. आपण ती तोडतच नाही. माझी पत्नी जाऊन चार वर्षं झाली. फोन अधूनमधून आपणहून तिचा फोटो पुढे करतो, खाली संगीत लावून, ‘आठवणी’ म्हणून. मी मागितलेला नसतो. पहिल्या वेळी संताप आला. हल्ली, खरं सांगतो, मी वाट बघतो. उद्या तिचा आवाजही येईल. मृतांच्या ध्वनिमुद्रणांवरून बोलणारे आवाज तयार करता येतातच आता. मुलगा म्हणतो, ‘बाबा, ती सोय बंद करा ना.’ करता येते, दोन मिनिटांचं काम आहे. केलेली नाही.

म्हणून हारुएचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहतो. संगणकशास्त्र शिकणारी ही मुलगी आधी कावाशिमाला बजावते, की इंटरनेटनं माणसं खरी जोडली जात नाहीत, प्रत्येक जण वेगळाच असतो. मग एके रात्री तिला स्वतःच्या पडद्यावर स्वतःचीच पाठ दिसते. मागून कुणीतरी बघतंय. ती उठते, वळते, मोकळ्या हवेला मिठी मारते आणि म्हणते, मी एकटी नाही. चेहऱ्यावर भीती नाही तिच्या. आनंद आहे.