राजवाडे यांचे ‘अन्नसत्र’ आणि डहाणू-तलासरीची भूमी

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३-१९२६) यांच्या कार्याचा विचार बहुधा साधनसंग्राहक, भाषाशास्त्रज्ञ किंवा समाजेतिहासाचे मीमांसक या नात्याने केला जातो. ते युद्धांचेही इतिहासकार होते, ही बाजू त्या मानाने उपेक्षित राहिली आहे. वस्तुतः ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा १८९८ साली प्रसिद्ध झालेला पहिला खंड हा प्राधान्याने पानिपतपर्यंतच्या दशकाचा पत्रव्यवहार असून, त्याची प्रस्तावना ही एका मोहिमेची चिकित्सा आहे. पत्रांच्या तिथी जुळवून, सैन्याचे मुक्काम ठरवून, बखरकारांची व ग्रँट डफची विधाने त्यांवर पारखून घ्यावयाची, ही पद्धत मराठीत त्या प्रस्तावनेने रुजविली. गोविंदपंत बुंदेले यांच्यावर त्यांनी ठेवलेला ठपका पुढील अभ्यासकांस पूर्णतः मान्य झाला नाही. परंतु युद्धाचा निकाल रणांगणाइतकाच रसदेवर अवलंबून असतो, हे त्यांनी दाखविलेले सूत्र कोणासही टाळता आले नाही.

या पद्धतीच्या मुळाशी राजवाडे यांची भ्रमंती होती. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तल्यावर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. स्वतःच्या हाताने शिजविलेले साधे अन्न, अंगावर मोजके कपडे, बरोबर कागदांची गाठोडी आणि गावोगावची पायपीट, असा त्यांचा दिनक्रम समकालीनांनी वर्णिलेला आहे. ग्रंथ लिहून झाला की प्रवास आणि प्रवास संपला की ग्रंथ, असे दोन वेगळे काळ त्यांच्या आयुष्यात नव्हते. सकाळी एखाद्या वाड्याच्या माळ्यावरील रुमाल सोडावेत, दुपारी चुलीपुढे बसावे, रात्री नकला कराव्यात, हेच त्यांचे घर होते. या विरक्तीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. तिच्यामुळे मालकांच्या मनातील संशय दूर झाला व बंद पेट्या उघडल्या, हेही खरे. येथे प्रश्न वेगळा आहे. या भ्रमंतीने राजवाडे यांस काय दाखविले, आणि काय दाखविले नाही?

त्यांच्या वाटा दप्तरांनी ठरविलेल्या होत्या. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार, मठाधिपती व उपाध्ये यांच्या घरी कागद असतात. म्हणून संशोधकाची पावले त्या घरांकडे वळतात. ज्या घरी कागद नाही ते घर त्याच्या वाटेवर येत नाही. आले तरी तेथे पाणी पिऊन तो पुढे जातो. यात व्यक्तीचा दोष नाही, साधनाचा आहे. परंतु साधनाची मर्यादा सिद्धांतात उतरली, म्हणजे तिचा विचार करणे भाग पडते. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीची बखर’ या ग्रंथाची प्रस्तावना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

या बखरीची सहा प्रकरणे एका काळची नाहीत. त्यांतील जुना भाग केशवाचार्य याने शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमारास रचला. महिकावती म्हणजे केळवे-माहीम. बिंब घराण्याचा पुरुष उत्तरेकडून दमणच्या बाजूने उतरतो आणि दक्षिणेस येऊन माहीम येथे राजधानी करतो, असे तिचे कथानक आहे. म्हणजेच आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणूची किनारपट्टी हा या कथेचा प्रवेशमार्ग होय. राज्ये आली आणि गेली, प्रजा मात्र स्वस्थ राहिली. असे का झाले, हा राजवाडे यांचा प्रश्न. त्याचे त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. या देशात अन्न सहज मिळते. हिंदुस्थान हे एक अखंड अन्नसत्र आहे. म्हणून ग्रामस्थाला सरकार या वस्तूची निकड कधी भासली नाही, व कोण राजा झाला याविषयी तो उदासीन राहिला.

हा सिद्धांत विलक्षण बुद्धिमत्तेचा आहे. राजांच्या वंशावळीत अडकलेल्या इतिहासाला त्याने अन्नाचा प्रश्न विचारावयास शिकविले. तथापि ज्या भूमीच्या बखरीवरून तो काढला, त्या भूमीवरच तो पारखून पाहिला पाहिजे.

डहाणू व तलासरी ही एका सलग प्रदेशाची दोन अंगे आहेत. पश्चिमेस खाडी, खाजण, वाड्या आणि कोळ्यांची गावे. खाडीलगत डहाणूचा कोट. पूर्वेस गेले की जमीन उंचावते, जंगल लागते, आणि गंभीरगडासारखे डोंगरी किल्ले दिसू लागतात. उत्तरेस तलासरीचा वारली मुलूख. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला व तलासरी महाराष्ट्रात राहिली. किनाऱ्यावरील सत्ता कागद ठेवते. जंगलपट्टीतील माणूस ठेवीत नाही. विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेत दोन्ही पट्ट्यांची माणसे एकत्र येतात, परंतु इतिहासाच्या पानावर ती क्वचितच एकत्र येतात.

सिद्धांताची पहिली कसोटी किनाऱ्यावरची. १५३४ साली वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला, आणि १७३७ ते १७३९ या काळातील मोहिमेत चिमाजी आप्पांनी तो जिंकला. १७३९ च्या आरंभी माहीम, तारापूर, डहाणू ही ठाणी मराठ्यांनी घेतली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव कामास आले. मे महिन्यात वसई पडली. या मोहिमेमागे गंगाजी नाईक अंजूरकर व त्यांचे बंधू यांची दीर्घ खटपट होती. पुण्यास वारंवार विनवण्या करणे, ठाण्यांची बातमी काढणे, वाटा दाखविणे ही कामे स्थानिक लोकांनी केली. राजा कोण, याविषयी ही माणसे उदासीन नव्हती. धर्माचरणावर आघात होताच त्यांना सरकार या वस्तूची निकड भासली, आणि ती पुरी करण्यासाठी त्यांनी वर्षे घालविली. या मोहिमेचे बरेच कागद गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या निवडीतून १९३० नंतर प्रकाशात आले. ते पाहावयास राजवाडे हयात नव्हते, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. परंतु त्यामुळे सिद्धांताची दुरुस्ती टळत नाही.

दुसरी कसोटी जंगलातील, आणि ती अधिक कठीण आहे. राजवाडे यांनी वारली, काथोडी इत्यादिकांना या भूमीचे प्राचीन रहिवासी म्हणून नोंदले, त्यांच्या नावांची व्युत्पत्ती शोधली. परंतु त्यांच्या घरी चूल पेटते की नाही, हे पाहिले नाही. ते पाहणारे पुढे आले, आणि ते इतिहासकार नव्हते. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याचा अहवाल १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीचा, के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ १९४५ चा. आणि त्याच वर्षी तलासरी-डहाणू भागात उभ्या राहिलेल्या लढ्याची हकीकत सांगणारे गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० चे. या लेखनातून वेठ, खावटी आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारा लग्नगडी यांचे जे चित्र उभे राहते, त्यात अन्नसत्राचा मागमूस नाही. येथे माणूस राजाविषयी स्वस्थ होता तो पोट भरलेले होते म्हणून नव्हे. त्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे सावकार, जमीनदार आणि जंगलाचा शिपाई एवढेच होते. या सत्तेविषयी तो उदासीन नव्हता, हे १९४५ साली दिसलेच.

यावर एक आक्षेप रास्त ठरेल. विसाव्या शतकातील दास्याचे चित्र पंधराव्या शतकावर लादता येत नाही. जमिनी सावकारांच्या घशात जाणे व जंगलावर सरकारी निर्बंध येणे, या गोष्टी मुख्यतः इंग्रजी अमलातील आहेत. त्यापूर्वी रानातील कंदमुळे, नाचणी व मासळी यांवर वारली स्वस्थपणे जगत असेलही. परंतु हा आक्षेप मान्य केला, तरी अन्नसत्राचा सिद्धांत सिद्ध होत नाही. तो केवळ असिद्ध राहतो. ज्यांच्याविषयी कागद नाही त्यांचे मौन म्हणजे समाधान, असे गृहीत धरण्यास आधार लागतो, आणि तो राजवाडे यांच्यापाशी नव्हता.

आश्चर्य असे की, ही चूक राजवाडे यांनी पानिपताच्या बाबतीत केली नाही. तेथे रसद कोठून येणार होती, ती का आली नाही, हे त्यांनी कसून विचारले. सैन्याच्या पोटाचा प्रश्न विचारणाऱ्या इतिहासकाराने प्रजेच्या पोटाचा प्रश्न मात्र गृहीत धरला. सैन्याच्या भुकेविषयी पत्रे होती. वारल्याच्या भुकेविषयी नव्हती. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

म्हणून या प्रदेशाच्या युद्धेतिहासाचे जे काम शिल्लक आहे, ते राजवाडे यांना सोडून होणारे नव्हे. तिथी व स्थळ यांचा त्यांचा काटेकोरपणा, स्वतः पायी जाऊन पाहण्याची त्यांची सवय, ही दोन्ही हवीतच. मात्र डहाणूच्या कोटापाशी प्रवास संपविता कामा नये. लष्कराचे दाणावैरण कोणी वाहिले, घाटवाटेचा वाटाड्या कोण होता, तोफा ओढताना वेठीस कोणाला धरले, हे प्रश्न घेऊन तलासरीच्या पाड्यांपर्यंत जावे लागेल. तेथे रुमाल मिळणार नाहीत. स्थळनामे, देवस्थाने, गाणी आणि वृद्धांच्या आठवणी मिळतील. त्यांचीही चिकित्सा पत्रांइतकीच कठोरपणे करावी लागेल. राजवाडे यांची पायपीट कागदाच्या घरापाशी थांबली. ती तेथून पुढे नेणे हेच त्यांच्या पद्धतीशी प्रामाणिक राहणे होय.